जिल्हा परिषदेच्या शाळेत ख्रिस्ती शिक्षक म्हणून काम करताना

दरवर्षी जून उजाडला की आमच्या मंडळीतला (चर्चमधला) कुणीतरी नव्याने नेमणूक झालेला शिक्षक घरी येतो. शाळा कुठे मिळाली, जायला एसटी आहे का, एकशिक्षकी तर नाही ना, हे सगळं बोलून होतं आणि मग खरा प्रश्न येतो. "बाई, शाळेत मी ख्रिस्ती म्हणून किती दिसू?"

मी २८ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. त्यातली बरीच वर्षं अशा गावांत गेली, जिथे ख्रिस्ती घर माझं एकटीचंच होतं. येणाऱ्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या भावाबहिणींनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्गातल्या मुलाला उठून जाता येत नाही. उपासनेत, रस्त्यावर, शेजाऱ्याच्या ओट्यावर ज्याला आपलं ऐकायचं नसेल तो निघून जातो. दुसरीतल्या मुलीला ती मुभा नाही, आणि बाई सांगतात ते खरंच असतं असं ती मनापासून मानते. हा भरवसा तिच्या आईवडिलांनी आपल्याकडे ठेव म्हणून दिलेला असतो. तो आपल्या धर्माच्या कामी लावणं म्हणजे ठेवीला हात घालणं. म्हणून वर्गात प्रभूचं नाव न घेणं हा भित्रेपणा आहे, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. मला ते आज्ञापालन वाटतं.

नियम स्वतः वाचा

ऐकीव माहितीवर राहू नका. संविधानाची २५ आणि २८ ही दोन कलमं एकदा शांतपणे वाचा.

कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. कलम २८ तर थेट शाळेबद्दल आहे. जी शाळा पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. आपली शाळा याच गटातली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही तिथे जाणाऱ्या कुणावर धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. स्वतःची संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची.

म्हणजे तेच कलम दोन्हीकडून काम करतं. ते मला वर्गात शुभवर्तमान सांगण्यापासून अडवतं आणि माझ्या मंडळीतल्या पोराला दुसऱ्या कुणाच्या उपासनेत ओढण्यापासूनही वाचवतं. एक बाजू हवी आणि दुसरी नको, असं म्हणता येणार नाही.

पण धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत फरक आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रमात धर्मांची ओळख करून द्यायला हरकत नाही असं म्हटलं. त्यामुळे पाठात दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा जे येईल ते सारख्याच उत्साहाने शिकवा. नाताळचा पाठ आला की काही ख्रिस्ती शिक्षक तो घाईने उरकतात, लोक काय म्हणतील म्हणून. काहीजण त्यावर चार दिवस घालवतात. जेवढा वेळ दिवाळीच्या पाठाला दिलात तेवढाच द्या. सावित्रीबाई शिकवताना अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार यांचा उल्लेख ओघात आला तर तो इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला विधवांसाठी उभारलेलं काम हाही इतिहासच. सांगताना आवाज दबका ठेवायचं कारण नाही, आणि शेवटी "म्हणून बघा, ख्रिस्ती लोक किती चांगले" हे जोडायचंही कारण नाही.

प्रार्थना शाळेच्या फाटकाबाहेर करून या

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दार लावून, गुप्तपणे प्रार्थना करायला सांगतो. सरकारी शाळेतल्या शिक्षकासाठी याहून सोयीची आज्ञा नाही.

माझी पद्धत सांगते. वर्गाच्या हजेरीपटावरची नावं मी एका छोट्या वहीत उतरवून घ्यायची. पटावर ४० मुलं असली तर रोज ५ नावं, म्हणजे शाळेच्या ८ दिवसांत एक फेरी पूर्ण. पहाटे घरी प्रत्येक नावापाशी थांबायचं. काय मागावं हे सुचत नसेल तर त्या मुलाबद्दल आदल्या आठवड्यात मला काय दिसलं ते प्रभूला सांगायचं. हे सुरू केलं तेव्हा एक गोष्ट मला फार लागली. काही नावांपाशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण ती मुलं मला दिसलीच नव्हती. गप्प बसणारी, मधल्या रांगेतली. मग त्या दिवशी वर्गात पहिलं लक्ष त्यांच्याकडे जायचं. या वहीत मुलांची खाजगी माहिती लिहू नका आणि ती शाळेत नेऊ नका. नाव पुरे.

वर्गात मोठ्याने प्रार्थना करायची नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. डबा उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटले तर ती तुमची स्वतःची उपासना आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलांना मात्र तसं करायला लावू नका.

परिपाठ, नारळ आणि सरस्वतीची प्रतिमा

सगळ्यात जास्त घालमेल इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परिपाठातलं राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका यांत ख्रिस्ती माणसाला अडायचं कारण मला दिसत नाही. उद्देशिकेत 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' हे शब्द मुलं म्हणतात तेव्हा मी नेहमीच मनापासून सूर मिळवला. फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, शिवाजी महाराज यांच्या प्रतिमेला हार घालणं हा मी माणसांचा सन्मान मानते आणि आनंदाने करते.

अडचण येते ती सरस्वतीपूजन, आरती, नारळ वाढवणं, शाळेतला गणपती अशा प्रसंगी. इथे सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत एक नाही. कुणी दीपप्रज्वलन करतात, कुणी करत नाहीत. कुणी प्रसाद हातात घेऊन नंतर मुलांना देतात, कुणी नम्रपणे नको म्हणतात. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय नैवेद्याच्या खाण्याबद्दलच आहे. तो वाचा, पाळकांशी बोला आणि आपली रेघ कुठे आहे ते ठरवा. ती कागदावर लिहून काढा. लिहिली नाही तर ऐन कार्यक्रमात, सगळे बघत असताना, गोंधळ होतो.

रेघ ठरली की पुढची पावलं अशी टाका.

शाळेत रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांना एकटं गाठा. कार्यक्रमाच्या दिवशी नकार देऊ नका. तेव्हाचा नकार अपमानासारखा दिसतो. शब्द साधे ठेवा. "सर, मी ख्रिस्ती आहे. पूजेच्या वेळी मी आदराने उभी राहीन, पण आरती आणि नारळ माझ्या हातून होणार नाही. कार्यक्रमाची बाकी कुठलीही जबाबदारी द्या, मी पार पाडीन." हे शेवटचं वाक्य विसरू नका, आणि ते खरं करून दाखवा. बैठक व्यवस्था, ध्वनिक्षेपक, सूत्रसंचालन, मुलांच्या रांगा, अहवाल लेखन ही कामं घ्या. ज्याला पूजेतून सूट हवी त्याने कार्यक्रमातली सगळ्यात किचकट बाजू उचलावी, असं माझं मत आहे.

यात आदर्श दानीएलाचा. बाबेलच्या राजवाड्यात अन्नाचा प्रश्न आला तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. वरच्या अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली, मग देखरेख करणाऱ्याला १० दिवसांची चाचणी सुचवली. आधी विनंती, सोबत पर्याय, आणि ज्याच्यावर ठपका येईल त्याची काळजी. मुख्याध्यापकांनाही गावाला, शाळा व्यवस्थापन समितीला उत्तर द्यावं लागतं, हे ध्यानात ठेवून बोला.

कुणी सक्तीच केली तर? २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. हात जोडत नाही म्हणून त्यांचा गोपनीय अहवाल खराब लिहिला गेला होता आणि वरची वेतनश्रेणी नाकारली गेली होती. त्याआधी, १९८६ साली, केरळच्या तीन शाळकरी भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की राष्ट्रगीताला आदराने उभं राहून ते न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणं चुकीचं आहे. या निकालांची माहिती असू द्या. पण पहिल्याच भेटीत ते पुढे करू नका. माझ्या २८ वर्षांत एकदाही ती वेळ आली नाही. साधं बोलणं पुरलं.

मुलं विचारतातच

"बाई, तुम्ही टिकली का लावत नाही?" "बाई, तुमच्या घरी गणपती नसतो?" पहिल्या आठवड्यात हे येणारच. विचारणं चूक नाही, उत्तर टाळणंही बरोबर नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. मी स्वतःला दोन वाक्यांची मर्यादा घालून घेतली होती. "आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही चर्चमध्ये प्रार्थना करतो. तुझ्या घरी गणपतीला काय काय करतात?" दुसरं वाक्य मुलाकडे परत जाणारा प्रश्नच असायचा. मुलाला बहुतेक वेळा आपल्या घरचं सांगायचं असतं.

"कुठला देव खरा?" असं विचारलं तर: "हा प्रश्न मोठा आहे, आईबाबांना विचार. शाळेत आपण सगळ्यांच्या देवांचा मान ठेवतो." एवढंच. माझा विश्वास माझ्या मनात पक्का आहे. नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईविरुद्ध उभं करायला मला कुणी पगार दिलेला नाही, आणि प्रभूनेही पाठवलेलं नाही.

काही गोष्टी अजिबात करू नका. शाळेत नवा करार, पत्रकं, बायबलमधल्या गोष्टींची चित्रपुस्तकं वाटू नका, शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरही नाही. विद्यार्थ्यांना रविवारच्या शाळेला किंवा सुट्टीतल्या बायबल शिबिराला बोलावू नका. पालक स्वतः विचारत आले तरी त्यांना पाळकांचा पत्ता द्या आणि बाजूला व्हा. मदतीचं तर फारच जपा. मी एका मुलीला दप्तर घेऊन दिलं होतं, मनात काही नव्हतं, पण गावात कुजबुज झाली. तेव्हापासून वह्या, चपला, स्वेटर जे द्यायचं ते मुख्याध्यापकांमार्फत किंवा समितीमार्फत, देणाऱ्याचं नाव न सांगता. डाव्या हाताला कळू नये असं दान करायला वचन सांगतंच.

एक प्रसंग मात्र कठीण. चौथीतल्या एका मुलाचे वडील अपघातात गेले. पंधरा दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही देवाला सांगा ना." मी म्हटलं, "सांगीन." घरी जाऊन सांगितलंही, अनेक रात्री. त्याच्यासमोर एवढंच केलं की त्याला शेजारी बसवलं आणि वडिलांबद्दल त्याला बोलू दिलं. जास्त काही म्हणायला हवं होतं का, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. आज उत्तर तेच येतं. त्याने मला त्याच्या देवाला सांगायला सांगितलं होतं की माझ्या, हे मला माहीत नव्हतं, आणि दुःखात असलेल्या मुलाकडून ते वदवून घेणं योग्य नव्हतं.

वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर त्याला जास्त सवलत नको, आणि लोक बोलतील म्हणून जास्त कडकपणाही नको.

खरा उपदेश नोंदवहीत

वर्गात बोलायचं नाही, मग विश्वास जगायचा कुठे? माझं उत्तर नेहमी एकच: हजेरीत, पोषण आहाराच्या साठा नोंदवहीत आणि रागात.

पोषण आहाराचं गणित बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. पहिली ते पाचवीची ७ गैरहजर मुलं हजर दाखवली की ७०० ग्रॅम तांदूळ कागदावर शिजतो. दिवसाला फार नाही. महिन्याच्या २४ दिवसांत ते जवळजवळ १७ किलो होतात. "सगळेच करतात, पट टिकवायचा आहे" हे मीही ऐकलं, आणि सुरुवातीच्या एका शाळेत दोन महिने मुकाट्याने सही केली. रविवारी प्रभुभोजनाला पुढे जाताना पाय अडले, तेव्हा थांबले. मुख्याध्यापकांना सांगितलं की माझ्या वर्गाची संख्या मी मोजेन तीच लिहीन. महिनाभर अबोला झाला. नंतर तेच दुसऱ्यांना सांगू लागले की बाईंच्या वर्गाचा आकडा पडताळायची गरज नाही.

हे करताना व्यवहारात काय करायचं: हजेरी पहिल्या तासिकेलाच घ्या, शाईच्या पेनाने, ताटं वाढताना डोकी पुन्हा मोजा, चूक झाली तर खोडू नका, रेघ मारून सही करा. पट कमी होत असेल तर खोटं नाव लिहिण्यापेक्षा संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल आजीकडे राहू शकतं का, हे आजीशी बोलूनच कळतं. शिक्षण हक्क कायदाही पालकांशी नियमित संपर्क हे शिक्षकाचं कर्तव्य मानतो.

रागाबद्दल. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मारू नका हे तर आलंच. पण जातीवरून, बापाच्या दारूवरून, फाटक्या कपड्यांवरून मारलेला टोमणा छडीहून खोल जातो. असं तोंडून गेलं तर त्याच वर्गासमोर, त्याच दिवशी माफी मागा. "मघाशी मी तुला बोलले ते चुकलं." मी हे तीन वेळा केलं आहे. प्रत्येक वेळी घशात आवंढा आला. माफीची शिकवण मी वर्गात शब्दांनी देऊ शकत नव्हते, अशी मात्र देता आली.

स्टाफरूम

सहकारी मोठी माणसं आहेत, ती उठून जाऊ शकतात. त्यामुळे त्यांच्याशी मधल्या सुट्टीत श्रद्धेवर मोकळं बोलता येतं. तरी त्यांनी विचारल्यावर बोला, आणि हाताखालच्या माणसाशी जपून. शिपाई किंवा स्वयंपाकीण मावशी तुम्हाला "नको" म्हणू शकणार नाहीत.

दिवाळीचा फराळ घ्या, नाताळला करंज्या आणि केक न्या. सहकाऱ्याच्या घरी दुःख झालं तर पहिल्या दिवशी जा. तांदळासाठी धर्म बदलला असं कुणी बोललं तर गप्प बसू नका आणि भांडूही नका. "माझ्या आजीने का बदलला ते एकदा निवांत सांगते, ऐकायचं असेल तर." दोघी ऐकायला आल्या होत्या. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वचनं टाकू नका, धर्मावरच्या वादात उत्तर देऊ नका.

रविवार, सुट्या आणि रजा

नाताळ आणि गुड फ्रायडेला शासकीय सुट्टी असते, ईस्टर रविवारीच येतो. राखेचा बुधवार आणि आज्ञा गुरुवार यांना सुट्टी नसते. संध्याकाळची उपासना गाठा किंवा किरकोळ रजेचा अर्ज आठवडाभर आधी द्या. त्या दिवशी परीक्षा असेल तर रजा मागू नका. निवडणुकीचं काम रविवारी आलं तर करावं लागतं, शनिवारच्या प्रार्थनासभेला जा. प्रशिक्षण रविवारी लागलं तर केंद्रप्रमुखांना विनंती करून बघा, आणि बदल्यात दुसऱ्या कुणाची दिवाळीच्या सुट्टीतली जबाबदारी घ्या.

कागदावरचा धर्म

यावर मंडळीत कुणी उघड बोलत नाही, म्हणून लिहिते. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं, जात बाप्तिस्म्याने गावाच्या डोळ्यांतून पुसली जात नाही. पण रविवारी उपासनेत आणि सोमवारी दुसऱ्या धर्माच्या दाखल्यावर नोकरी, असं चालवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला संविधानाची फसवणूक म्हटलं. भरतीचा अर्ज भरण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्या. आणि जे आधीच त्यात अडकलेत त्यांना मंडळीने व्यासपीठावरून दटावू नये, सोबत बसून वाट काढावी.

तक्रार झाली तर

धर्म शिकवतात अशी तक्रार खोटीही होऊ शकते. घाबरून तोंडी खुलासे देत फिरू नका. तक्रारीची प्रत लेखी मागा. त्या दिवसाचं पाठ टाचण, हजेरी, परिपाठाची नोंद यांच्या छायाप्रती काढा. गटशिक्षणाधिकाऱ्यांना एका पानाचा लेखी खुलासा द्या: काय घडलं, कधी, कोण हजर होतं, कुणावर आरोप नको. आवक क्रमांक घ्या. शिक्षक संघटनेला त्याच दिवशी कळवा. मंडळीला प्रार्थनेसाठी सांगा, पण समाजमाध्यमांवर काही टाकू देऊ नका. आणि तक्रारदार पालकाचं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात आलं की त्याची वही आधी तपासा, इतरांइतक्याच प्रेमाने.

टाचण वही त्यासाठीच रोज लिहायची. बदली झाली की कार्यभार देताना सगळ्या नोंदवह्यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. नावांची छोटी वही मात्र यादीत नसते. ती घरीच असते. माझ्याकडच्या ११ अजून कपाटात आहेत आणि पहाटे त्यातलं एखादं पान मी अजून उघडते.